मामांच्या हिरव्या व्हॅनवॉलला जोडीदार हवाय (जुन्या धाटणीची स्लॉट कार घरी बनवताना)

मांगरातला_मेकॅनिक

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात कौलं चाळायला माणसं आली तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली काढावं लागलं. हंडे, पत्र्याच्या ट्रंका, मोडका पाळणा, आणि सगळ्यात मागे सुतळीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं. सुतळी बघितल्याबरोबर ओळखलं. माझे थोरले मामा बोटीवर होते, इंजिनखात्यात, आणि साठच्या दशकात कधीतरी लिव्हरपूलहून त्यांनी हा रेसिंगचा सेट आणला होता. आम्ही पोरं सुट्टीत आजोळी आलो की पडवीत ट्रॅक मांडून बसायचो, आणि लाइट गेली की भोकाड पसरायचो. आता मी वेंगुर्ल्याला याच घरात राहतो, मामा ब्याऐंशीचे आहेत, त्यांना एकटं ठेववत नाही.

तर खोक्यात काय निघालं: ट्रॅकचे तुकडे, पण त्यातल्या पट्ट्या खाऱ्या हवेने पार खाल्लेल्या. एक हिरवी गाडी, जवळजवळ धड. आणि दुसऱ्या गाडीची नुसती दोन चाकं. दुसऱ्या गाडीचं काय झालं ते मला नीट माहीत आहे पण इथे लिहीत नाही, मामा माझ्या फोनवर हे वाचतात.

हिरवीच्या पोटाखाली ट्राय-अँग आणि मेड इन इंग्लंड असं छापलंय. मोटरला दोन थेंब शिलाई मशीनचं तेल दिलं, बारा व्होल्ट लावले, आणि ती चक्क फिरली, मग थोडा जळका वास आला, मग वास गेला आणि फिरतच राहिली. मामा खुर्चीतून उठून बघायला आले.

मला आता हिच्यासमोर पळायला दुसरी गाडी बनवायची आहे. विकत नाही, बनवायची, जुन्या धाटणीची, पितळेच्या चॅसीची (चॅसी म्हणजे खालचा सांगाडा). आणि लाकडी ट्रॅक. मांगर (घराजवळची सामानाची शेड) रिकामाच आहे. कुणी केलंय का असं काही? निदान कुठली गाडी करावी ते तरी सांगा.

---

दापोलीची_लेक

मस्त सुरुवात! पण स्लॉट कार म्हणजे नक्की काय ते माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगा ना कुणीतरी. रिमोटची गाडी का?

---

पितळ_आणि_शिसं

नाही ताई, रिमोट नाही. ट्रॅकमध्ये प्रत्येक लेनला एक खाच असते, गाडीच्या नाकाखालचं एक पातं त्या खाचेत जातं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यातून करंट. गाडीच्या पात्याला दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेणी असते ती पट्ट्यांवर घासत जाते आणि मोटरला करंट पोचवते. हातात फक्त एक ट्रिगर, त्याने किती करंट जाईल ते ठरतं. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं बटण नाही. ट्रिगर सोडला की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात आणि फिरती मोटर स्वतःलाच आवरते, तोच ब्रेक. वळणावर जास्त दाबलंत की पातं खाचेतून निघतं आणि गाडी टेबलाखाली. एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळात माझी तीस वर्षं गेलीयेत. (रत्नागिरीत असतो, घरी सोळा फुटी ट्रॅक आहे, बायको त्याला ताबूत म्हणते.)

मेकॅनिक, तुमची गाडी व्हॅनवॉल असणार, त्या काळच्या ब्रिटिश रेसिंग कारची प्रतिकृती. तुमचा सेट स्कॅलेक्सट्रिकचा. स्कॅलेक्सट्रिक १९५७ ला सुरू झालं, फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाच्या मिनिमॉडेल्स कंपनीने आधी स्प्रिंगवर पळणाऱ्या पत्र्याच्या गाड्या काढल्या होत्या, स्कॅलेक्स नावाच्या, त्यांनाच वीज जोडली म्हणून हे नाव. सुरुवातीचा ट्रॅक तर रबराचा होता. पुढच्याच वर्षी ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी घेतली आणि १९६० ला पहिल्या प्लास्टिकच्या गाड्या आल्या, लोटस १६ आणि व्हॅनवॉल. नाक लांब, शेपूट अश्रूच्या थेंबासारखी, ड्रायव्हर उंच बसलेला, असं असेल तर व्हॅनवॉलच. फोटो टाका.

---

मांगरातला_मेकॅनिक

अगदी तश्शीच! फोटो टाकलाय वर. मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले दुकानदाराने सांगितलं होतं की ही गाडी आमच्या गावात जिंकली. मला वाटलं दुकानदार थापा मारत असेल.

---

पितळ_आणि_शिसं

थापा नाहीत! १९५७ ची ब्रिटिश ग्रां प्री एन्ट्री (Aintree) नावाच्या ट्रॅकवर झाली, ते लिव्हरपूललाच. व्हॅनवॉलचा ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस, त्याची गाडी बिघडली, मग त्याने जोडीदार टोनी ब्रुक्सची घेतली आणि जिंकला, दोघांच्या नावावर ती रेस आहे. ब्रिटिश गाडीने जागतिक चॅम्पियनशिपची ग्रां प्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी १९५८ ला कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांचं, विजेतेपद पहिल्यांदा दिलं गेलं ते व्हॅनवॉललाच. दुकानदाराला अभिमान असणारच की.

मग जोडीदार ठरल्यातच जमा. मासेराटी २५० एफ. लाल. त्याच १९५७ च्या ऑगस्टमध्ये फॅन्जिओ नावाच्या रेसरने जर्मनीत नुर्बुर्गरिंगला ही गाडी अशी हाकली की पेट्रोल-टायरसाठी थांबून पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडला होता तरी लॅप रेकॉर्ड पुन्हापुन्हा मोडत दोन्ही फेरारींना गाठलं. ती त्याची शेवटची जिंकलेली ग्रां प्री. आणि तुमच्या कामाचा मुद्दा असा की या गाड्यांचे टायर अरुंद, त्या वळणावर चारही चाकं घसरवत जायच्या. स्लॉट कारमध्ये तेच आणायचं असतं.

---

आगाऊ_कार्टं

एवढा खटाटोप कशाला, खाली मॅग्नेट चिकटवा, गाडी ट्रॅकला गोचिडीसारखी चिकटते, ट्रिगर पूर्ण दाबा आणि चहा प्या.

---

पितळ_आणि_शिसं

चहाच प्यायचा असेल तर गाडी कशाला हवी. मॅग्नेटची गाडी घसरतच नाही, एकतर चिकटलेली नाहीतर उडालेली, मधलं काही नाही. जुन्या गाडीचा सगळा जीव त्या मधल्यातच असतो. शिवाय मेकॅनिक लाकडी ट्रॅक करणार, त्यावर तांब्याची टेप, आणि तांबं लोहचुंबकाला ढुंकून विचारत नाही. तुमची आयडिया तिथेच बाद.

---

आगाऊ_कार्टं

दंडवत _/\_ चहा तरी प्यायला बोलवा.

---

कोकमसरबत

काका, माझ्याकडे मेरिटचं मासेराटी २५० एफ चं जुनं प्लास्टिक किट आहे, सासऱ्यांचं, डबा फुटलाय पण आत भाग सगळे आहेत, कधी जोडलंच नाही. स्केल १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. मेकॅनिकदादांना हवं असेल तर देईन. फक्त कापणार असाल तर सासऱ्यांना सांगायचं धाडस तुमचं.

---

पितळ_आणि_शिसं

कापू नका हो. साठ वर्षं न जोडलेलं किट चॅसी बसवायला पोटातून कापायचं म्हणजे पाप आहे. माझ्या हातून दोनदा झालंय म्हणून सांगतो. आणि स्केलही जुळणार नाही. मामांची गाडी १:३२ ची. खऱ्या २५० एफ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२८० मिमीच्या आसपास, म्हणजे १:२४ ला ९५ मिमी आणि १:३२ ला ७१. दोन्ही शेजारी ठेवल्यात तर मासेराटी ट्रकसारखी दिसेल.

पण त्या किटचा दुसरा उपयोग आहे. व्हर्नियर घ्या, किटवरून मापं काढा, प्रत्येकाला पाऊणने गुणा. झाली १:३२ ची मापं. किट परत डब्यात.

---

कोकमसरबत

हे सुचलंच नाही! रविवारी काढते. आणि मेकॅनिकदादा, बॉडी लाकडात कोरून घ्यायची तर मी सावंतवाडीची, चितारआळीत ओळख आहे. पांगाऱ्याचा ठोकळा मिळाला तर उत्तम, हलका आणि मऊ, आमच्याकडची लाकडी फळं त्याचीच करायचे. मासेराटी म्हणजे पुढून कारलं मागून वांगं, त्यांना काही जड नाही.

---

आगाऊ_कार्टं

पुढून कारलं मागून वांगं!!! फॅन्जिओचा आत्मा तळमळला असेल.

---

भायलो

गजाल बरी चल्लीहा. माका त्या मासेराटीतला कायएक कळणा नाय, पण लाकडाची बॉडी केलास तर ती जड जातली आणि पावसात फुगतली. लाकडाचो फक्त साचो करा. तेच्यावरसून फायबर काढा. मालवणाक आमी होडयेक मारतो ताच फायबर, फक्त जाडी मॅट नको, वरच्या थराक वापरतत ती पातळ टिश्यू मॅट घ्या. दोन थर पुरे. माज्याकडे तुकडे पडले आसत, येवा आणि घेवन जावा.

आणि वजनाक शिसां व्हया तर बाजारात कित्याक जातास, जाळ्याच्या तळाक लावतत ती शिशाची मणी घ्या. हातोडेन चेचल्यास की पापडासारी पातळ जातत. वितळवूक जाव नको, धूर वायट. आणि काम झाल्यार हात साबणान धुवा, मगे जेवा.

---

मांगरातला_मेकॅनिक

भायलो, देव बरे करो. परवा येतो.

दरम्यान चॅसीवर प्रश्न. ०.८ मिमीची पितळी शीट कुडाळला भांडीवाल्याच्या मागच्या दुकानात मिळाली. कडेच्या तारांसाठी पियानो वायर (कडक पोलादी तार) हवी म्हणतात, ती इथे कुठून आणू? ॲक्सल (चाकांचा दांडा) कशाचा करू? आणि मोटर म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरची बारा व्होल्टची चालेल का, दोन पडल्यात घरात.

---

पितळ_आणि_शिसं

टेपरेकॉर्डरची नको. तिच्या आत गव्हर्नर असतो, तो तिला २४०० फेऱ्यांवरच धरून ठेवतो, तुम्ही कितीही दाबा. बैलगाडी होईल.

१३० साइजची मोटर घ्या, खेळण्यांत असते ती, २० मिमी रुंद, १५ उंच, २५ लांब. मात्र वाइंडिंग बारा व्होल्टचं बघून घ्या. बाजारातल्या बहुतेक १३० तीन व्होल्टच्या असतात, दिसायला हुबेहूब तशाच. २५० एफ चं पोट मोठं आहे म्हणून ही बसेल. नंतरच्या काळातली लोटस २५ घेतली असतीत तर रडला असतात, तिचं अंग एवढं अरुंद की मोटर घालायला बॉडी आतून कागदाएवढी घासावी लागते.

मोटर लांबीत ठेवा, शाफ्ट मागे, क्राउन गिअर. त्या काळी असंच करायचे. तिरकी बसवायची पद्धत साठच्या दशकाच्या शेवटी आली, ती तुमच्या गाडीला शोभणार नाही. मोटरच्या शाफ्टवर नऊ दाती लहान गिअर म्हणजे पिनियन, ॲक्सलवर सत्तावीस दाती क्राउन. मोटर १८००० फेऱ्या देत असेल तर चाक ६०००, टायर २० मिमीचा असेल तर सेकंदाला सहा मीटरच्या वर. कागदावर. तेवढी सरळ लांबी तुमच्या मांगरात असेल तर मला कळवा, मी राहायला येतो.

पियानो वायर नाही मिळाली तर तीनघडी छत्रीच्या टोकाकडच्या गोल काड्या घ्या. पन्हळीच्या आकाराच्या असतात त्या नकोत, गोल भरीव. कोकणात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. सायकलचा स्पोकही चालतो, दोन मिमीचा.

ॲक्सलला फॅब्रिकेशनवाल्याकडून टिग वेल्डिंगची स्टेनलेसची फिलर सळी मागा, २.४ मिमीची. स्लॉट कारचे गिअर आणि चाकं ३/३२ इंचाच्या ॲक्सलची असतात, म्हणजे २.३८. ते दोन शतांश मिमी झिरो नंबर पॉलिश पेपरने निघतात. पण सळी आधी काचेवर लोळवून बघा, वाकडी असेल तर उजेड दिसतो खालून. मी दहातल्या तीन निवडतो.

---

दापोलीची_लेक

ही छत्रीच्या काडीची टीप मी फक्त वाचूनच खूश झाले. घरात सहा आहेत.

---

मांगरातला_मेकॅनिक

रिपोर्ट. आधी वाईट बातमी. ऑनलाइन मागवलेली "१२ व्ही" लिहिलेली मोटर बारा व्होल्टवर चाळीस सेकंद गायली आणि मग मुकी झाली. उघडून बघितली तर कम्युटेटरचं प्लास्टिक वितळलेलं. तीन व्होल्टचीच होती, शंभर टक्के. दुसरी मागवलीय, या वेळी आधी कमी व्होल्टवर लावून किती करंट खाते ते बघणार.

चांगली बातमी, झाळकाम जमलं! दोन संध्याकाळी पितळेला शिशाचा थेंब धरतच नव्हता, गोळा होऊन घरंगळायचा. मामा खुर्चीतून बघत होते, म्हणाले सोल्डरिंगची बिट (तापणारं टोक) काळी पडलीय तुझी, नवसागर आण. मी म्हटलं नवसागर कल्हईवाल्याचं असतं. म्हणाले मग कल्हई म्हणजे काय वेगळं असतं, कथीलच की. वाण्याकडून खडा आणला, तापलेली बिट त्यावर घासली, पांढरा धूर, नाक झोंबलं, आणि बिट आरशासारखी! मग पितळ पॉलिश पेपरने घासून, फ्लक्स लावून, शीटला आधी नुसता कथलाचा पातळ हात दिला, तारेलाही दिला, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून नुसतं टेकवलं तर पाण्यासारखं आत ओढलं गेलं. तो क्षण बघायला मिळाला म्हणून पुढच्या चार तारा उगाचच जास्त लावल्या.

मामा चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये होते हे मी विसरतोच.

---

पितळ_आणि_शिसं

मामांना माझा नमस्कार सांगा. फक्त त्या झालेल्या चॅसीला साबणाच्या पाण्याने धुवा, टूथब्रशने. नवसागराचा धूर आणि फ्लक्सचा अंश राहिला तर आपल्या हवेत आठ दिवसांत पितळ हिरवं आणि तार गंजलेली. धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात.

---

कोकमसरबत

साचा तयार! पांगारा नाही मिळाला, शिवणीत केलाय, कारागिरांनी मापाच्या कागदावर बघून दीड तासात गोल काढला आणि वर विचारलं "याला देठ कुठे लावायचा". मी म्हटलं एक्झॉस्ट डाव्या बाजूला लावू आपण. नाकावरचं जाळीचं तोंड मी स्वतः घरी कोरलंय, बोटाला दोन पट्ट्या आहेत. सासरे शेजारी बसून किटचा भाग हातात धरून "अजून थोडं, अजून थोडं" करत होते. त्यांनी कधी जोडलं का नाही असं विचारलं तर म्हणाले जोडलं की संपलं.

---

मांगरातला_मेकॅनिक

कोकमताई, साचा मिळाला, इतका सुंदर आहे की तसाच शोकेसमध्ये ठेवावासा वाटला. ठेवला असता तर बरं झालं असतं.

भायलोंनी सगळं नीट सांगितलं होतं: लाकडाला सँडिंग सीलर, मग मेणाचे चार हात, प्रत्येक हातानंतर पुसायचं, मग फायबर. मी उत्साहात मेणाचा एक हात दिला, आणि फायबर मारलं. सकाळी साचा आणि बॉडी एक झालेले. सुरीने, मग पटाशीने, मग (मामा झोपल्यावर) हातोडीने. बॉडीचे तुकडे झाले, साच्याचं नाक गेलं. ताई, मी प्रत्यक्ष येऊन माफी मागतो.

---

भायलो

माका ठावक होता. पयल्या होडयेक माजापण तसाच झाला, बापूस दोन दिस बोलाक नाय. नाक लांबीन भरून घ्या, सीलर मारा, मेण चार हात म्हणजे चार हात. आणि तीन दिस पावस आसा, आता काम करू नको. रेझीन चिकट रवता, वरसून प्लास्टिकचो कागद लावन हवा बंद केल्यार सुकता.

---

कोकमसरबत

माफी नको, सासऱ्यांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. नाक परत कोरून देते.

---

आगाऊ_कार्टं

एक शंका, खरी खरी. फियाट ११०० का नाही केलीत? आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला ती पळायची की रेसला. मासेराटी कोणी बघितलीय इथे.

---

पितळ_आणि_शिसं

पहिल्यांदाच बरोबर बोललात. शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट, अँबेसेडर, नंतर सिपानी डॉल्फिनसुद्धा, सगळं पळायचं, जुहूच्या धावपट्टीवरही रेस व्हायच्या. माझी पुढची गाडी ११०० च आहे, आणि डबा बॉडी असल्याने मोटर बसवायला ऐसपैस. पण इथे प्रश्न व्हॅनवॉलच्या जोडीदाराचा आहे. तिला फियाट दाखवली तर ती रुसेल.

---

मांगरातला_मेकॅनिक

ट्रॅकबद्दल थोडक्यात, कारण तो सुताराने केलाय, मी फक्त मध्ये मध्ये चहा नेला. एमडीएफ सगळ्यांनी नको म्हटलं, पावसाळ्यात पापडासारखा फुगतो, म्हणून १२ मिमीचा मरीन प्लाय. खाच ३ रुंद, ७ खोल, दोन लेनमध्ये ९० मिमी. वळणं काढायला ॲल्युमिनियमची लवचिक पट्टी वाकवून खिळ्यांनी धरली आणि राउटर (लाकडात खाच कोरायचं मशीन) तिच्या कडेने नेला. सुतार म्हणाला एवढा चांगला प्लाय घेऊन त्यात खाचा पाडणारा तू पहिलाच. तांब्याची टेप मी आणि भाचीने लावली, वळणावर सुरकुत्या पडतात तिथे चमच्याच्या पाठीने दाबत दाबत जायचं.

वेणीसाठी आधी डिशच्या केबलची जाळी सोलली. झाळ धरेना! बघतो तर ॲल्युमिनियम. जुन्या केबलवाल्याच्या काळातली एक गुंडाळी सापडली, तिच्यात तांब्याची होती, ती लागली.

पण टेप चारच दिवसांत काळपट पडली, गाडी मध्येच अडखळते. काय करू?

---

पितळ_आणि_शिसं

समुद्र किती लांब?

---

मांगरातला_मेकॅनिक

लाटा ऐकू येतात.

---

पितळ_आणि_शिसं

मग रोज पुसायची, दुसरा उपाय नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर कपड्यावर घ्या, ट्रॅकवर फवारू नका. पॉलिश पेपर अजिबात नको, टेप कागदापेक्षा पातळ असते, चार वेळा घासलीत की संपली. झाल्यावर वर जुनी चादर.

आणि महत्त्वाचं. तुमच्याकडे वीज जाते म्हणालात. स्कूटरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर ट्रॅक उत्तम चालतो, पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास देते, अगदी स्वच्छ डीसी. फक्त फ्यूज लावल्याशिवाय जोडू नका. खाचेवर स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर बॅटरी तार वितळवेपर्यंत करंट देत राहते.

---

मांगरातला_मेकॅनिक

बॅटरीचं नंतर बघतो काका, आता एलईडीच्या पट्टीचा बारा व्होल्ट पाच अँपिअरचा सप्लाय लावलाय, झकास चालतोय.

बॉडी निघाली! चार हात मेण, भायलो. पॉक्क असा आवाज झाला आणि सुटली. वजन अकरा ग्रॅम.

रंगाची गंमत सांगतो. घरी स्प्रेचा डबा मारला तर लाल रंगावर दुधासारखी साय आली. श्रावण, हवेत पाणी, थिनर उडताना गार होतं आणि दमट हवेचं पाणी रंगावर बसतं. पुसून परत मारला, परत साय. मग शेजारच्या गणपतीच्या शाळेत गेलो. तिथे शंभरेक गणपती हॅलोजनच्या उजेडात रांगेने वाळत ठेवलेले, मधून फिरायला जागा नाही, कॉम्प्रेसर चालू. मूर्तिकार म्हणाले चतुर्थी तोंडावर आणि तुला गाडी रंगवायचीय? पण बॉडी हातात घेतली, फिरवून बघितली, हॅलोजनखाली दहा मिनिटं गरम केली, पितांबराच्या रंगाचं काम थांबवून लाल भरला आणि तीन हात मारले. साय नाही, ओघळ नाही. पैसे घेतले नाहीत, म्हणाले पळाली की दाखव.

---

दापोलीची_लेक

हे वाचून डोळ्यांपुढे आलं सगळं. एका पाटावर गणपती, एका पाटावर मासेराटी.

---

पितळ_आणि_शिसं

आता सेटिंग, इथे घाई नको. मागचे टायर रिमला चिकटवा, मागचं चाक फिरतं ठेवून सपाट पट्टीवर लावलेल्या पॉलिश पेपरवर हलकं टेकवा, गोल होईपर्यंत. पुढच्या टायरला नेलपॉलिशचे दोन हात, म्हणजे पुढचं टोक वळणावर अडणार नाही, नुसतं घसरेल. शिसं खाली, जितकं खाली जमेल तितकं, मोटरच्या दोन्ही अंगांना आणि थोडं पात्यामागे. एकूण ७० ग्रॅमच्या आसपास राहू द्या. आणि बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळून मग अर्धा आटा सैल सोडा. बॉडी किंचित खुळखुळली पाहिजे. नवीन माणसाला हे पटत नाही, पण चॅसीची थरथर बॉडीत गेली नाही की गाडी वळणावर शांत जाते.

---

मांगरातला_मेकॅनिक

नेलपॉलिश बायकोचं घेतलं, मासेराटीला शोभेल असं लाल नव्हतं, मोरपंखी होतं. टायरवर काळा रंग मारून झाकलंय, कुणाला सांगू नका.

अर्धा आटा सैल केल्यावर खरंच फरक पडला राव. आधी मोठ्या वळणावर गाडी टप टप उड्या मारत जायची. आता शेपूट बाहेर टाकते, बोटभर, आणि तशीच तिरकी धरून सगळं वळण काढते, ट्रिगर केसभर सोडला की सरळ होते. काल रात्री अकरापर्यंत मी एकटाच तेच एक वळण काढत बसलो होतो.

---

आगाऊ_कार्टं

आणि मामा? रेस कधी? लाल की हिरवी, आम्ही पैजा लावल्यात इकडे.

---

मांगरातला_मेकॅनिक

आज झाली. म्हणजे सुरू झाली.

पाहुणे आरती करून गेल्यावर मामांना मांगरात आणलं, खुर्ची ट्रॅकच्या कडेला. नवीन ट्रिगर त्यांना आवडला नाही, म्हणून जुन्या सेटमधला अंगठ्याने दाबायचा कंट्रोलर साफ करून त्यांच्या लेनला जोडला. पहिल्या दोन फेऱ्यांत व्हॅनवॉल दोनदा उडाली, भाचीने उचलून लावली. तिसऱ्या फेरीपासून ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने जे काही सुरू केलं ते मला आवरेना. ते वळणाच्या आधी सोडतात, मी वळणात सोडतो, सगळा फरक तिथे. माझी गाडी वेगवान आहे, सरळ भागात मी पुढे जातो, वळणात ते शांतपणे परत येतात.

पाचव्या फेरीत माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरी गाडी विहिरीत टाकलीस ना तू?"

माझं बोट तिथेच दाबलं गेलं, मासेराटी टेबलावरून थेट नारळाच्या ढिगात. एक आरसा तुटलाय, बाकी धड.

---

कोकमसरबत

विहिरीत!!! मामांना सगळं माहीत होतं तर. व्हिडिओ टाका, सासरे दोन दिवस विचारतायत.

---

पितळ_आणि_शिसं

आरसा पिनेच्या डोक्याचा करा, चिकटतो छान. पण निकाल काय? दहा फेऱ्यांची ना?

---

मांगरातला_मेकॅनिक

आठव्या फेरीत ते अर्ध्या ट्रॅकने पुढे होते आणि लाइट गेली. अजून आलेली नाही. मामा अंधारात कंट्रोलर हातात धरून बसलेत, उठायला तयार नाहीत. भाची टॉर्च घेऊन स्कूटरची बॅटरी काढायला गेलीय. काका, फ्यूज किती अँपिअरचा म्हणालात?

---

पितळ_आणि_शिसं

पाचचा. बॅटरीच्या प्लसला लागून, आणि आधी फ्यूज, मग तार.